‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणण्याआधी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

दरवर्षी या दिवशी मी उभा राहिलो की तुम्हाला ठाऊक असतं मी काय बोलणार. गिरणी कामगारांची घरं, पोरांचं शिक्षण, नाहीतर बुवाबाजी. या वर्षी सचिवांनी पत्रिका छापण्याआधी विषय विचारला. मी म्हणालो, “म्हातारपणातली उदासी आणि बुद्धी.” ते म्हणाले, “अहो, वर्धापनदिन आहे, जरा उत्साहाचा विषय घ्या.” परंतु गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या वस्तीत मी जे पाहिलं, आणि माझ्या स्वतःच्या घरात जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी डॉक्टर नाही. १९८८ साली बदली कामगार म्हणून रिंगखात्यात लागलो आणि २०२० साली लॉकडाऊनमध्ये गिरणीचा भोंगा थांबला तोपर्यंत सूत सांधत राहिलो. शिक्षण रात्रशाळेचं. आज जे सांगणार आहे ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि पुन्हा विचारून घेतलेलं आहे. आणि ज्यांची हकिगत सांगणार आहे ती माझी आई समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेतली आहे. मी विचारलं, “आई, तुझं सांगू का चारचौघांत?” ती म्हणाली, “सांग की. लाज कसली त्यात? पण तुझ्या बापाचंबी सांग.” म्हणून आधी वडिलांचं सांगतो.

माझे वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्यांचं वय पन्नास. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. संपानंतर त्यांना कामावर परत घेतलं नाही. काही वर्षं रात्रीची वॉचमनकी केली, मग तीही सुटली. या माणसाला खात्यातल्या प्रत्येक कामगाराचं गाव, त्याच्या भावाचं नाव, कोणाची पोरगी कुठे दिली, सगळं तोंडपाठ असायचं. साठीला आले तसे ते पहाटे तीनला उठून गॅलरीत बसायला लागले. जेवण कमी झालं. कोणी नाव विचारलं तर नुसतं बघत राहायचे. लोक म्हणायचे, “साठी बुद्धी नाठी, चालायचंच.”

एकदा आईने त्यांना रेशनवर रॉकेल आणायला पाठवलं. दोन तासांनी रिकामा कॅन घेऊन परत आले. पैसे खिशात तसेच. म्हणाले, कशाला गेलो होतो तेच आठवेना. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, दुसरी पाळी करून आलेलो, घरात चूल बंद. मी त्यांना म्हणालो, “तुमचं डोकं चालत नाही तर घरात गप बसा.”

ते गप बसले. १९९४ साली वारले तोपर्यंत गपच होते. आम्ही त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, टॉनिक दिलं. मनाच्या डॉक्टरकडे न्यावं असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. त्यांना नेमकं काय झालं होतं हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पण पहाटे उडणारी झोप, गेलेली भूक, तुटलेलं बोलणं आणि हरवलेली आठवण, ही सगळी खूण पुढे तीस वर्षांनी आईच्या बाबतीत मी पुन्हा पाहिली, आणि तेव्हा डॉक्टरांनी तिला नाव दिलं.

आता आईचं. तिला अक्षरओळख नाही. १९५७ साली गावी दीक्षा घेतली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पुढे मुंबईला आल्यावर संपूर्ण वंदना ऐकून ऐकून पाठ केली. महिला मंडळाची बावीस बायकांची भिशी तिने कित्येक वर्षं नुसत्या डोक्यात चालवली. कोणी किती भरले, कोणाचा हप्ता राहिला, कधी चुकली नाही.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा थोरला भाऊ गेला. अंत्यविधीला आईला जाता आलं नाही, पोराचं तोंडही पाहता आलं नाही. ती रडली नाही. सगळे म्हणाले, म्हातारी घट्ट आहे. पावसाळ्यात तिने जेवण कमी केलं. पाय दुखतात, छाती भरल्यासारखी होते, अशा तक्रारी. मग गॅसवरचं दूध उतू जायला लागलं. भिशीचे पैसे एकाच बाईला दोनदा दिले. त्यावरून जे बोलणं झालं ते तिच्या फार मनाला लागलं. आणि २०२२ च्या बुद्धपौर्णिमेला याच विहारात, याच जागी, ती वंदना म्हणता म्हणता मध्येच थांबली. पुढचं आठवेना. खाली बसली, आणि त्यानंतर विहारात यायचीच बंद झाली. घरी सारखं एकच, “माझं डोकं मेलं.”

जवळच्या दवाखान्यात दाखवलं. तिथे सांगितलं, वय झालं. झोपेची गोळी दिली. त्या गोळीने ती दिवसाही गुंगीत राहू लागली. माझी मुलगी नर्सिंगला आहे. ती म्हणाली, “पप्पा, आजीला मानसोपचार विभागात नेऊया.” बांधवांनो, मी तुमच्यापुढे पस्तीस वर्षं विज्ञाननिष्ठेवर भाषणं देतो, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून काय निघालं? “माझ्या आईला वेड्यांच्या डॉक्टरकडे?” देव्हारा आपण सोडला, अंगारा-धुपारा सोडला, पण ही लाज आपल्या घरात शिल्लक आहे.

शेवटी नेलं, पालिकेच्या मोठ्या इस्पितळात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आईला आजी म्हणूनच बोलायच्या. त्यांनी वार विचारला, महिना विचारला. तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने परत विचारली. आईचं प्रत्येकाला एकच उत्तर, “ठावं न्हाय.” मला वाटलं संपलं सगळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, त्यात एक फळ होतं बघा.” आई जरा थांबली आणि म्हणाली, “आंबा.” बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी सरळ विचारलं, “आजी, असं जगून काय करायचं, मेलेलं बरं, असं मनात येतं का?” आई म्हणाली, “रोज येतं.”

एकाच खोलीत आम्ही तिच्याबरोबर झोपत होतो. रोज येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार भरतो, अशी आपली समजूत आहे. ती खोटी आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. याला डिप्रेशन म्हणतात, मराठीत नैराश्य. दोन दिवस मन खट्टू होतं ते नैराश्य नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन खाली राहतं किंवा कशातच रस राहत नाही, आणि त्याबरोबर झोप, भूक, अंगातलं बळ, लक्ष, सगळं बिघडतं, तेव्हा तो आजार असतो. म्हाताऱ्या माणसात तो ओळखायला कठीण, कारण पुष्कळदा ते रडत नाहीत, दुःखी आहे असं म्हणतही नाहीत. अंग दुखतं म्हणतात, पोट साफ नाही म्हणतात, चिडतात, किंवा गप होतात. आणि त्यांची बुद्धी मंदावते.

बुद्धी का मंदावते? आठवण राहायची तर आधी ती गोष्ट आत जावी लागते. आत जाण्याचा दरवाजा म्हणजे लक्ष. उदासीत माणसाचं लक्ष एकाच दुःखाला चिकटलेलं असतं. तुम्ही सांगितलेलं कानावर पडतं, आत जात नाही. जे आत आहे ते बाहेर काढायलाही जोर लागतो, तो जोर उरत नाही. विचार करण्याचा वेग कमी होतो. दोन कामं एकदम सांभाळणं, हिशेब जुळवणं, पुढचं ठरवणं जमत नाही. त्यात झोप नाही. फार दिवस ताण राहिला की शरीरात ताणाचं द्रव्य वाढतं आणि मेंदूतल्या आठवण साठवणाऱ्या भागावर त्याचा परिणाम होतो, असं शास्त्रज्ञ सांगतात.

दुसरा आजार म्हणजे डिमेन्शिया, मराठीत स्मृतिभ्रंश. अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. यात मेंदूच्या पेशीच हळूहळू झिजतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घोटाळा होतो. मी रिंगखात्यातला माणूस, मला ते असं समजलं. खात्यातली हवा कोरडी झाली की चांगल्या कापसाचं सूतही पटापट तुटतं. तिथे कापसाला दोष देऊन चालत नाही, हवेत ओल वाढवावी लागते. पण कधी कधी कापूसच आखूड तंतूचा येतो, मग हवा कितीही सांभाळा, सूत तुटणारच. कोणत्या कारणाने तुटतंय ते आधी बघावं लागतं.

ते कसं बघायचं? डॉक्टर तपासूनच सांगतील, पण घरच्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

नैराश्यात बदल काही आठवड्यांत, महिन्यांत दिसतो. घरचे सांगू शकतात की अमुक महिन्यापासून सुरू झालं. माणूस स्वतःच तक्रार करतो, मला आठवत नाही, माझं डोकं गेलं. विचारलं तर “माहीत नाही” म्हणून सोडून देतो, पण थोडी खूण दिली तर पुष्कळदा आठवतं. स्मृतिभ्रंशात बहुधा सगळं वर्षा-दोन वर्षांत नकळत वाढत जातं. तक्रार घरचे करतात, तो माणूस म्हणतो मला काही झालेलं नाही. चुकीचं उत्तर ठामपणे देतो. ओळखीच्या रस्त्यावर चुकतो. खूण देऊनही फारसं आठवत नाही.

आणि तिसरी गोष्ट, फार महत्त्वाची. काल संध्याकाळपर्यंत ठीक असलेला म्हातारा माणूस आज एकाएकी बरळायला लागला, ओळखेनासा झाला, तर ते यातलं काहीही नसतं. ताप, लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातलं मीठ कमी होणं, एखादं औषध, मेंदूतला झटका, असं काही असू शकतं. तिथे वाट बघायची नाही. त्याच दिवशी इस्पितळात न्यायचं.

डॉक्टर रक्तही तपासतात. थायरॉईड कमी झालं, बी-बारा जीवनसत्त्व कमी झालं तरी माणूस उदास आणि विसराळू होतो. आईचं बी-बारा कमी निघालं, त्याची इंजेक्शनं दिली. झोपेची गोळी हळूहळू बंद केली. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेची काही जुनी औषधं यांनीही म्हाताऱ्या माणसाची बुद्धी गढूळ होते. म्हणून जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा.

मग नैराश्याची गोळी सुरू झाली, अगदी कमी ताकदीची. म्हाताऱ्यांना कमीपासूनच सुरुवात करतात. पहिले दोन आठवडे काहीच फरक नाही. उलट मळमळ. घरात मीच म्हणालो, बंद करा. मुलीने ऐकलं नाही. तिने सांगितलं की या गोळीला चार ते सहा आठवडे लागतात, म्हाताऱ्यांत कधी जास्तही, आणि म्हातारपणी सुरुवातीला अंगातलं मीठ बघण्यासाठी रक्त तपासून घेतात. पाचव्या आठवड्यात एका सकाळी आई म्हणाली, “चहात साखर कमी पडलीया.” वर्षभरात तिने चवीबद्दल काढलेला तो पहिला शब्द. मग विचारलं, “भिशीचं पैसं कोण बघतंय आता?” आणि त्या वर्षीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी ती पुन्हा इथे आली आणि वंदना शेवटपर्यंत म्हणाली. तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली. तेव्हा कोणाला कारण ठाऊक नव्हतं, ते आज सांगितलं.

परंतु चमत्कार झाला असं समजू नका. आई पूर्वीइतकी चलाख नाही. एका वेळी एकच काम करते, नावं आठवायला वेळ लागतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की म्हातारपणी पहिल्यांदा आलेलं नैराश्य ही काही जणांत स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. आम्ही दाखवतो.

आमच्याच मजल्यावरच्या एका काकांचं वेगळं झालं. गिरणीत जॉबर होते. दोन-तीन वर्षांपासून विसरत होते. काकूंवर पैसे लपवल्याचा आळ घ्यायचे. एकदा नाक्यावरून घरचा रस्ता चुकले. संध्याकाळ झाली की रडायचे. माझ्या आईचा अनुभव पाहून काकूंनी त्यांना नेलं. तपासणीत दोन्ही निघालं, स्मृतिभ्रंशही आणि नैराश्यही. उपचारांनी रडणं थांबलं, झोप लागली, दोन घास जाऊ लागले. गेलेली आठवण परत आली नाही. तरी काकू म्हणतात, निदान आता ते माझ्याजवळ शांत बसतात. म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी त्यातलं नैराश्य कमी करता येतं, आणि तेवढ्यानेही त्या घराचे दिवस बदलतात.

आता थोडी आकडेवारी सांगतो, म्हणजे हे एका-दोन घरांचं नाही हे कळेल. आपल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने वृद्धांच्या पाहणीचं मोठं काम केलं आहे. २०१७-१८ च्या पाहणीत देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांना विचारलं. साठीच्या पुढच्या लोकांत नैराश्याचं प्रमाण ८.३ टक्के निघालं, म्हणजे शंभरात आठ. त्याच पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासात साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. शंभर म्हाताऱ्यांत ब्याण्णव-त्र्याण्णव जणांना स्मृतिभ्रंश नाही. मग ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण कुठे राहिली?

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या समाजाने नीट ऐकली पाहिजे. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आहे. आपल्या म्हाताऱ्यांना शाळा का मिळाली नाही हे या सभेत सांगायची गरज नाही. बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिलं स्थान दिलं ते पोटासाठी आणि स्वाभिमानासाठी. त्याच शिक्षणाचा म्हातारपणच्या मेंदूलाही आधार मिळतो, हे आज शास्त्र सांगतं आहे. पण याची दुसरी बाजूही आहे. बुद्धी तपासण्याच्या पुष्कळ प्रश्नावल्या शिकलेल्या माणसांसाठी बनवलेल्या. वाक्य लिहा, चित्र काढा, शंभरातून सात वजा करत जा. ज्या बाईने आयुष्यात पाटी-पेन्सिल धरली नाही ती यात नापास होणारच, म्हणून तिला स्मृतिभ्रंश झाला असं होत नाही. हे ओळखूनच हरयाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर खेडुतांसाठी १९९० च्या दशकात हिंदीत वेगळी प्रश्नावली बनवली गेली. तेव्हा तुमची आई शिकलेली नसेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगा, आणि ती घरात काय काय करत होती, बाजारहिशेब कसा ठेवत होती, तेही सांगा. माझ्या आईचा भिशीचा हिशेब ऐकल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “ही आजीची खरी परीक्षा.”

‘लॅन्सेट’ नावाचं वैद्यकाचं जगप्रसिद्ध नियतकालिक आहे. त्याच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण काही करता येण्याजोग्या अशा चौदा गोष्टी सांगितल्या. त्यात नैराश्य आहे, एकटेपणा आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहे, जास्त दारू आणि तंबाखूचं धूम्रपान आहे, आणि ऐकू कमी येणंही आहे. या सगळ्या आवरल्या तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा त्यांचा अंदाज आहे. ऐकू न येण्याचं वाचून मी थांबलो. साचेखात्यात आवाज इतका असायचा की माणसं हातवाऱ्यांनी बोलायची. वडिलांना पन्नाशीतच कमी ऐकू यायचं. आम्ही त्यांच्यावर ओरडायचो, आणि ओरडून कंटाळलो की बोलणं सोडून द्यायचो. आपल्या घरात गिरणीतून आलेला म्हातारा असेल तर आधी त्याचे कान तपासून घ्या.

एकटेपणाचंही बघा. चाळीत पाणी भरायला, गॅलरीत बसायला माणूस होतं. आज चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. घर मिळालं, संडास घरात आला, चांगलं झालं, त्यासाठीच आपण लढलो. पण दरवाजा बंद झाला. पोरं कामाला, नातवंडं मोबाइलवर, आणि बावीसाव्या मजल्यावर म्हातारं माणूस भिंतीकडे बघत बसलेलं.

आता धम्माबद्दल. नकुलपिता नावाचा एक वृद्ध उपासक होता. आपण थकलो, सारखे आजारी पडतो, असं तो तथागतांना सांगायला आला. शरीराच्या दुखण्याबरोबर मनाचं दुखणं जोडून घेऊ नये, त्यासाठी मनाला शिकवावं, अशा अर्थाचा उपदेश तथागतांनी त्याला केला. हा उपदेश फार मोठा आहे. पण त्याचा उलटा वापर मी आपल्याच लोकांत पाहिला आहे. उदास झालेल्या माणसाला आपण ऐकवतो, “तुम्ही बौद्ध ना? मग दुःख कसलं करता? तृष्णा सोडा, ध्यान करा.” ज्याचं मन आजारी पडलं आहे त्याला असं बोलणं म्हणजे पाय मोडलेल्याला ‘चाल की’ म्हणण्यासारखं आहे. ज्याचं मन आजारी पडलं त्याचा तो दोष नाही. आनापान, मैत्री भावना यांचा उपयोग होतो, आईलाही झाला, पण गोळी लागू पडून ती जरा बसू लागल्यावर. जोरात आजारी असलेल्या माणसाला दहा दिवसांच्या शिबिराला धाडण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि एकटा पडलेला, स्वतःच्या घाणीत लोळणारा आजारी भिक्खू पाहिल्यावर तथागतांनी काय केलं ते विनयात आहे. आनंदाला बरोबर घेऊन त्यांनी त्याला धुतलं, मग भिक्खूंना एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितलं. आधी उपदेश केला नाही, आधी पाणी आणलं.

बांधवांनो, नुसतं भाषण ऐकून आपण भोजनदानाला उठायचं, असं होऊ नये. म्हणून कार्यकारिणीपुढे आणि तुमच्यापुढे काही गोष्टी ठेवतो.

एक. घरात म्हाताऱ्या माणसाची परीक्षा घेऊ नका. “सांग बरं हा कोण?” असं पाहुण्यांपुढे विचारू नका. आठवलं नाही की माणूस आणखी मिटतो. “आई, हा तुझ्या धाकट्या भावाचा मुलगा आलाय,” असं आपणच सांगावं.

दोन. काम काढून घेऊ नका. दूध उतू गेलं म्हणून आम्ही आईला स्वयंपाकघरातून उठवलं होतं, ती आमची चूक. लसूण सोलायला द्या, नातवाला शाळेतून आणायला कोणाच्या तरी सोबतीने पाठवा, रोज अर्धा तास चालायला न्या.

तीन. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप नाही, जेवण नाही, विसरणं वाढलं, तर दाखवा. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ‘टेलि-मानस’ ही सरकारची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. आणि कोणी मरणाचं बोलला तर ‘म्हाताऱ्यांचं नेहमीचंच’ म्हणून सोडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चार. गोळी सुरू झाली तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर, आणि म्हातारपणी कधी त्याहून जास्त, ती चालू ठेवावी लागते. या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायच्या.

पाच, विहारासाठी. दर रविवारी वंदनेनंतर एक तास ज्येष्ठांसाठी ठेवावा. त्या तासात त्यांनी बोलायचं आणि तरुणांनी ऐकायचं, लिहून घ्यायचं. १९५६ साली जी मुलं होती ती आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. दीक्षेची लाट ज्यांनी डोळ्यांनी पाहिली अशी माणसं आपल्या वस्तीत आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्यांच्या आठवणी हा आपला इतिहास आहे. आणि कोणी दोन रविवार आलं नाही, तर मंडळाच्या एका तरुणाने त्याच्या घरी जाऊन यायचं, कान, डोळे, गोळ्या, इस्पितळाचा नंबर, कशाला सोबत लागेल ती द्यायची. पहिल्या महिन्यात इस्पितळाच्या फेऱ्यांना सोबत म्हणून मी माझं नाव देतो. आणखी चार नावं मला आज इथून उठण्याआधी पाहिजेत.

वडिलांना मी म्हणालो होतो ते वाक्य मला परत घेता येत नाही. तुमच्या घरात ज्याला अजून कोणी ‘गप बसा’ म्हणालेलं नाही, किंवा म्हणाला असाल तरी जो अजून बसलेला आहे, त्याच्याजवळ आज रात्री जाऊन बसा आणि विचारा, झोप लागते का, मनात काय येतं. मी आईला आता रोज विचारतो. ती वैतागून म्हणते, “किती इचारतोस रं!” म्हणू दे. वैतागते आहे म्हणजे बरी आहे.



भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय. जयभीम!